चूलबंद अक्षत

बोईसर,
११ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप आत्यास,
वैष्णवीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मेसेज न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन आधी दीपावहिनी उघडते आणि तिच्यानंतर अख्खं दांडी गाव. पोस्टाला उशीर होतो, पण ते पाकीट फोडत नाही.

लग्न २२ फेब्रुवारीला ठरलं. खर्च दीड लाख. निम्मा माझा, निम्मा मितेशचा. पप्पांकडून काही घ्यायचं नाही, वाडीतल्या चिकूच्या पैशालाही हात लावायचा नाही. बोईसरला एक छोटा हॉल पाहिला. भाडं तीस हजार, त्यातले दहा आगाऊ भरले. जेवण चारशे रुपये पान. सत्तर पानं: चाळीस आपली, तीस मितेशकडची, सातपाटीची. बँजो नाही, वरात नाही. ऐनवेळच्या खर्चाला पंधरा हजार बाजूला ठेवले आहेत.

सत्तर हा आकडा सगळ्यांना कंजूषपणा वाटतो. वाटू दे. तुला मात्र कारण सांगते. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईकडे 'हो', 'नको' आणि पप्पांचं नाव एवढेच शब्द उरलेत. गेल्या मे महिन्यात तुझ्या रूपलच्या लग्नात ती थरथरायला लागली, मग मी तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन बसले, आणि तिथूनच रिक्षाने घरी नेलं. माझ्या लग्नात तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढच्या खुर्चीत बसता आलं पाहिजे. बाकी मला काही नको. कारखान्यात मी दाबमापकं तपासते. टाकीला किती दाब सोसेल ते टाकीवर लिहिलेलं असतं. आईवर लिहिलेलं नाही, म्हणून मी अंदाज बांधला.

पप्पा सगळं ऐकतात, मान हलवतात आणि परत विचारतात की गावाचं काय. तू त्यांची मोठी बहीण आहेस. त्यांना समजाव.

लोभ असावा. हिशेबात न मांडलेली तेवढी एकच गोष्ट मी तुझ्याकडून धरून चालले आहे.

तुझी,
वैष्णवी


दांडी,
१६ जानेवारी २०२६

चि. वैष्णवीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकीट दीपाच्याच हाती पडलं, पण तिला वाटलं अंगणवाडीचं काही सरकारी असेल, म्हणून फुटायचं वाचलं. तेवीस वर्षं अंगणवाडीत काढल्याचा हा एक फायदा.

तुझी सत्तर पानं वाचून हसू आलं. आमच्याकडे तेवढी माणसं भांडी घासायला लागतात. परवा बाजारात तुझी होणारी सासू भेटली. साखरबाईंनी बोंबलाची टोपली खाली न ठेवताच ऐकवलं की सातपाटीत तीस माणसं तर सुपारी फोडायला जमतात, पण पोरगी शिकलेली हाय, तिला काय बोलायचं. मग मला दोन बोंबील जास्त घातले. म्हणजे राग नाही.

प्रतापशी बोलेन. तो तोंडाने कमी बोलतो, पण पस्तीस वर्षं प्रत्येकाच्या मांडवाला याने खांब रोवलेत आणि प्रत्येकाच्या पंगतीत जेवलाय. त्याचं ओझं तुझ्या तक्त्यात दिसत नाही.

आणि एक विचारू? रूपलच्या लग्नात मंजुळा कशाने थरथरली, हे तू तिला विचारलंस का? मी लांबून बघत होते. जो तो तिच्या तोंडाशी वाकून म्हणत होता, वयनी, बोला की, वळखलंत का मला. तू होतीस हॉलवाल्याशी भांडत.

तिळगूळ पाठवते आहे. डब्बा परत कर, माप तुला आवडतं म्हणून सांगते: डब्बा एक, झाकण एक.

माया आहेच, ती कुठल्या रकान्यात मांडायची ते तू बघ.

तुझी,
उषाआत्या


बोईसर,
२७ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डब्बा सोबत नाही, पोस्टात बसला नाही. राग आवरून लिहिते आहे.

आमच्या कारखान्याच्या गेटवर आपल्या गावचे, पामचे, कमलाकांतकाका असतात. आज सकाळी मला थांबवून त्यांनी आनंदाने सांगितलं की बावीसला आमची चूल बंद हाय, घरातले सातही जण येताव, आणि वालाचं बिरडं असलंच पायजे. मला आधी कळेना. मग कळलं. गावात घरोघर आमंत्रणाची अक्षत फिरली आहे, आणि तीही चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरात काही शिजायचं नाही, पाळण्यातल्या मुलापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं घर आपल्या पंगतीला. अशी बावन्न घरं. मी पुन्हा मोजलं: दोनशे चाळीस माणसं.

पप्पांना फोन केला. मी सगळं एक एक करून मांडलं: हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या आहेत, आईचं काय होईल, शब्द दिला होतात तो कुठे गेला. ते फक्त हूं म्हणत राहिले. शेवटी म्हणाले की झाला ते झाला, गावाला दिलेली अक्षत मागे घेत नाय. मी म्हटलं की तुम्हाला गावात नाक हवं आहे आणि त्यासाठी आईला परत खोलीत बसावं लागलं तरी चालेल. मी फोन ठेवला.

मागच्या पत्रात तू विचारलंस की आईला विचारलं का. प्रश्न विचारले की ती दमते, शब्द शोधता शोधता रडते. म्हणून मी विचारत नाही. यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

तू पामला जा. घरोघर निरोप पाठवायला सांग की लग्न घरगुती आहे. ते तुझं ऐकतील. माझ्याने आता त्यांच्याशी नीट बोलवत नाही.

लोभ ठेव, आज जरा माझ्याच बाजूने.

तुझी,
वैष्णवी


दांडी,
३१ जानेवारी २०२६

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

काल पामला जाऊन आले. रिक्षात बसतानाच प्रतापला काय काय सुनवायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य उपयोगाला आलं नाही.

प्रताप वाडीत चिकूला पाणी सोडत होता. मी तोंड उघडल्याबरोबर तो म्हणाला की ताई, हळू बोल, मंजुळा ऐकल. मी म्हटलं, ऐकू दे, तिच्यासाठीच आले आहे. तेवढ्यात शेजारची शालू कुंपणावरून म्हणाली की प्रतापभाऊंना कशाला बोलताव, अक्षत भाऊंनी नाय दिली. अक्षत मंजुळावयनीनं दिली.

माघी गणपतीच्या दिवशी मंजुळाने सुपात तांदूळ काढले, स्वतःच्या डाव्या हाताने हळदकुंकू लावलं आणि शालूच्या दारात जाऊन उभी राहिली. शालूला वाटलं, देवळात जायचं असेल. देवळात दोघी गेल्याच. पहिली अक्षत गणपतीला ठेवली, आणि तिथून काठी टेकत टेकत गाव. प्रत्येक दारात ती अक्षत हातावर ठेवायची आणि कपाळावरून बोट फिरवायची. मुंडावळ्या. कुणाचं लग्न, कुणाला विचारावं लागलं नाही. मग थेट आत जायची, गॅसच्या शेगडीवर हात ठेवायची आणि म्हणायची, नको.

वैशू, चूलबंद आमंत्रण याहून स्पष्ट मी आजवर ऐकलेलं नाही.

शालू म्हणते, दोन दिवसांत बावन्न घरं झाली, आणि एकाही घरात वयनी थरथरली नाय. कोणी तिला बोला म्हणालं नाही, कारण तिचं बोलून झालेलं होतं.

मी प्रतापला विचारलं की पोरीने तुला एवढं सुनावलं तेव्हा सांगितलं का नाहीस. तो पाटाच्या पाण्याकडे बघत म्हणाला की माला वरडली तर वरडू दे. मंजुळाला वरडली असती, तर तिला उलट बोलता येत नाय.

आता तुझा तक्ता तू बघ. मी निरोप पाठवायला सांगितलेलं नाही.

मंजुळाने मला भाकरी वाढली. अक्षत दिली नाही. का, ते मला कळलं नाही.

तुझ्यावर आहे तेवढाच लोभ, थोडा रागावलेला.

तुझी,
उषाआत्या


बोईसर,
९ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हॉलवाल्याने आगाऊ भरलेले दहा हजार परत द्यायला नकार दिला. मी तीन वेळा जाऊन आले. तो दर वेळी चहा मागवतो आणि पैशाचं बोलत नाही. ते गेले असं धरलं.

लग्न आता पामला, आपल्या अंगणात. मांडव पंचवीस हजार. जेवण गावातले आचारी करतील, माणशी दीडशे, सातपाटीचे धरून दोनशे सत्तर जण. हॉल आणि त्या जेवणाचे मिळून अठ्ठावन्न हजार होते, ते बुडालेले दहा धरून साडेपंच्याहत्तर झाले. ऐनवेळचे पंधरा हजार त्यात गेले. तरी अडीच हजार कमी पडत होते, ते माझ्या साडीतून काढले. साखरबाईंनी कळल्याबरोबर पन्नास माणसं वाढवायची परवानगी मागितली. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या की बरं, चाळीस. हा विषय अजून मिटलेला नाही.

मला हे सगळं पटलं असं समजू नकोस. ऐनवेळच्या खर्चाला एक रुपया न ठेवता कोणी काम सुरू करत नाही. बँजोवर मी ठाम आहे. शालूकाकीला सांगितलं आहे की आईच्या तोंडाशी वाकून कोणी ओळखलंत का विचारलं, तर त्याला पंगतीतून उठवायचं. ती म्हणाली की त्याची काळजी तू नको करू.

काल घरी गेले होते. पप्पांना मी फोनवर बोलले त्याबद्दल काही सांगायचं होतं, पण ते वाडीत मांडवाचे बांबू तोडत होते आणि मला दुसरं टोक धरायला लावलं. संध्याकाळपर्यंत आम्ही बांबूंबद्दलच बोललो.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसून फोनवर हिशेब करत होते, साडेसातशेचं काहीतरी जुळत नव्हतं. पहिल्यांदाच तिला नीट विचारलं, एकेक करून, घाई न करता: एवढी माणसं चालतील? हो. मांडवात खुर्चीत बसशील? नको. मग? तिने सूप पुढे सरकवलं, चिमूटभर तांदूळ माझ्या हातावर ठेवले आणि दाराकडे मान वळवली. मंगलाष्टकांआधी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवायचं काम तिला हवं आहे, मांडवाच्या दारात उभं राहून. मी म्हटलं, दोनशे सत्तर माणसं, इतका वेळ उभं राहणं तुला झेपणार नाही. त्यावर तिने माझ्या फोनवर, आकड्यांवरच, हात ठेवला आणि म्हणाली, नको.

मी फोन बंद केला. साडेसातशे अजून जुळलेले नाहीत.

तुला अक्षत का दिली नाही तेही कळलं. तुझं नाव काढल्यावर ती दाराबाहेर बोट दाखवत राहिली. तू तिच्या घरी आलेली होतीस. अक्षत तुझ्या दारात द्यायची असते.

पुढच्या बुधवारी आम्ही दोघी दांडीला येतो आहोत. तुझा डब्बाही आणते, झाकणासकट. दारात मला काही विचारू नकोस, मी फक्त सूप धरायला येते आहे. बोलणार आई.

लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
वैष्णवी