बारा शून्यं

बाबा, आज तीन वाजता समिती बसणार आहे आणि मी राजापेठेतल्या एका हॉटेलात पोह्यांची प्लेट समोर ठेवून तुम्हाला लिहिते आहे. पोहे केव्हाच गार झाले. वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग आहे, पोरांच्या गाड्यांनी अर्धा रस्ता अडवलाय, आणि माझ्या मांडीवर बोंडअळीच्या प्रकल्पाचं रजिस्टर आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती अकोल्यात नोकरीला लागले होते. पोरगी शास्त्रज्ञ झाली म्हणून तुम्ही गल्लीभर पेढे वाटले होते. पण सरकारच्या निधीवर चालणारा माझा स्वतःचा प्रकल्प तुम्ही पाहिला नाही, आणि बरं झालं नाही पाहिलात, असं आज पहिल्यांदाच वाटतंय.

प्रकल्प तुम्हाला एका मिनिटात समजला असता. कपाशीत सापळे टांगायचे, त्यात वासाची रबरी गोळी ठेवायची. त्या वासाला भुलून बोंडअळीचे नर पतंग येतात आणि अडकतात. रोज सकाळी ते मोजायचे. आकडा चढला की शेतकऱ्यांच्या मोबाईलवर इशारा, नाही चढला की ‘सध्या फवारणी नको’. एक प्लॉट तेल्हाऱ्याकडे, एक बार्शीटाकळीकडे, आणि मोजायला कंत्राटावरच्या दोन मुली. समितीनं आज मुदतवाढ दिली नाही तर त्या दोघी पुढच्या महिन्यात घरी बसतील. आणि तेल्हाऱ्याच्या पानावर ओळीनं बारा दिवस शून्य आहे. मुलींनी खोटं लिहिलेलं नाही. त्या रोज गेल्या, सापळ्याची पिशवी उघडून पाहिली, पतंग नव्हता, शून्य लिहिलं. पण गोळ्या जुन्या होत्या, त्यांचा वास कधीच उडून गेलेला. निधीचा दुसरा हप्ता वर कुठेतरी अडकला, मग खाली अडकला, आणि नव्या गोळ्यांची खरेदी राहून गेली. त्या बारा शून्यांच्या भरवशावर आम्ही तेल्हाऱ्याच्या लोकांना कळवून मोकळे झालो की काळजी नको.

परवा मी तिथे गेले. ज्यांच्या शेतात आमचा सापळा आहे ते चाचा धुऱ्यावर उभेच होते. त्यांनी एक हिरवं बोंड तोडलं आणि नखानं फोडून माझ्यापुढे धरलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. “बाई, तुमचा सापळा म्हनते काई नाई, बोंड म्हनते हाय. अब मैं किसकी सुनूं?” ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी बोंड माझ्या तळहातावर ठेवलं आणि घरात चहा टाकायला सांगितलं. दुरुस्तीचा संदेश मी त्याच संध्याकाळी पाठवला, पण अळी एकदा बोंडात शिरली की फवाऱ्यानं तिचं काय होणार, हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच सकाळ आहे. मी सहावीत असेन. तुम्ही संशोधन केंद्राच्या शेतावर रोजंदारीवर होतात आणि दिव्याचा सापळा तुमच्याकडे होता. रात्री बल्ब जळायचा, सकाळी खालच्या डब्यातली पाखरं तुम्ही घरी आणून चुलीपाशी परातीत ओतायचात आणि काडीनं एकेक बाजूला सारत मोजायचात. आई कावायची, “जेवाच्या परातीत किडे काऊन ओतता हो?” तुम्ही म्हणायचात, “हे किडे नोत, हा सरकारी डाटा हाय.” त्या दिवशी तुम्हाला ताप होता, म्हणून मला पाठवलंत. मी गेले, डबा रिकामा, मी ऐटीत शून्य लिहून आले. तुम्ही पांघरुणातून विचारलंत,

“दिवा लागला होता का?”

“नाई. बल्ब गेला हाय.”

“मंग शून्य कायले लिवलं?”

“पाखरूच नोतं डब्यात.”

तुम्ही तापात उठून बसलात. मला वाटलं आता कानाखाली बसते. “अंधारात पाखरू कायले येईन? शून्य म्हंजे दिवा होता, मी पायलं, आन पाखरू नोतं. दिवाच नोता तं कोरं ठेवाव. कोरं दिसलं का साहेब बोंबलते, आन बोंबलला का बल्ब धाडते. शून्य दिसलं तं त्याले वाटते सारं बरं हाय. मंग बल्ब कोन धाडन?” मी खोडरबर शोधायला लागले तर हात धरलात. सरकारी रजिस्टर खोडायचं नसतं. रेघ मारायची आणि सही करायची. ती माझ्या आयुष्यातली पहिली सही, बाबा. वेडीवाकडी, आडनावासकट.

आत्ताच आमच्या साहेबांचा फोन येऊन गेला. त्या शून्यांवर रेघ मारू का, असं मी त्यांना सकाळी विचारलं होतं. “मॅडम, शून्य असू द्या. शून्य म्हणजे काम झालं. कोरं दिसलं तर ते म्हणतील, हे लोक वर्षभर झोपले होते.” माणूस वाईट नाही. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं. मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. अडीच वाजले.

मूर्तिजापूर, अकोल्याला परतताना. ड्रायव्हर चहाला उतरलाय, मी गाडीतच बसून लिहिते आहे.

मी रेघा मारल्या, बाबा. हॉटेलातच, पोह्यांची प्लेट सरकवून, बारा रेघा आणि बारा सह्या. मग समितीसमोर उभी राहिले. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला, पान जवळ घेतलं आणि विचारलं, “हे काय आहे?” मी सांगितलं की गोळ्या संपलेल्या होत्या, म्हणून हे आकडे धरू नयेत. साहेब टेबलाकडे बघत होते. मग अध्यक्ष म्हणाले, हप्ता उशिरा गेला ही आमची चूक, टिपणात तसं लिहा. मुदतवाढ मिळाली. मुलींना मी जिन्यातूनच फोन केला, दोघी रडल्या. एक सदस्य मुद्दाम बाहेर येऊन म्हणाले, इतका प्रामाणिक अहवाल बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मी त्यांचे आभार मानले.

आता राहिलेलं सांगते. गोळ्या संपल्या नव्हत्या. ऑफिसच्या फ्रीजमध्ये एक पाकीट होतं, न फोडलेलं. समिती आधी शेतावर येणार होती, आणि रस्ता बरा म्हणून बार्शीटाकळीचा प्लॉट बघणार होती. पाहुण्यांपुढे सापळे भरलेले दिसावेत म्हणून ते पाकीट मी राखून ठेवलं. त्या मुलींपैकी एकीनं मला तिसऱ्याच दिवशी विचारलं होतं, “मॅडम, त्यातल्या दोन गोळ्या तेल्हाऱ्याले नेऊ का?” मी म्हटलं, “राहू दे, समिती येऊन जाऊ दे.” मागच्या आठवड्यात समिती बार्शीटाकळीला आली, सापळे पतंगांनी भरलेले होते, सगळ्यांनी फोटो काढले. मुलीनंही आज फोनवर त्यातलं काही काढलं नाही.

आज मला हे कुणी विचारलं नाही. तुम्ही पांघरुणातून विचारलं असतं.

रजिस्टर शेजारीच पडलं आहे, मागची पानं कोरी आहेत. पण त्याच्या पानांवर नंबर छापलेले असतात, एक फाडलं तरी कळतं. म्हणून हे तुम्हाला लिहायला मी दुपारीच त्या हॉटेलवाल्याकडून साधे, बिननंबरी कागद मागून घेतले होते.