हायाशींना न विचारलेला प्रश्न

प्रिय बाबा,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहून कोण कोणाला लिहितं! पण काल जपानचं पाकीट आलं, हायाशींचं. ते वाचल्यापासून वाटतंय, तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय आणि आता नाही सांगितली तर कधीच सांगणार नाही.

शिवाय परवा मधुकाका कागद घेऊन येतोय. बिल्डरचे. बाळकुमच्या आपल्या शेताचे. काकाने स्वतःच्या वाट्यावर सही केलीय, आता आईची आणि माझी राहिलीय. त्याच्या आधी हे लिहून व्हायला हवं.

हायाशी आठवतात ना? विसरशील कसा, महिनाभर सगळ्या बाळकुमला त्यांच्याबद्दल सांगत फिरत होतास! दीड वर्षापूर्वी आमच्या कंपनीत मशीन बसवायला आलेले. मी डोंबिवलीला बाईंकडे चार वर्षं जपानी शिकले, त्याचा घरात सगळ्यांना एकच उपयोग माहीत होता, की पोरगी रविवारी सकाळी घरात नसते. आणि अचानक मी त्या माणसाची दुभाषी झाले.

घोडबंदर रोडने गाडी चाललेली, आणि ते एकदम म्हणाले, थांबवा. ड्रायव्हरला वाटलं, उलटी होतेय. तर हे उतरले आणि सरळ बांधावर. भात पिवळं झालेलं. त्यांनी एक लोंबी हातात घेतली, दाणा दाताखाली चावला आणि मला विचारलं, "हे कोणाचं?" मी म्हटलं, "पलीकडचं आमचंच आहे." बाबा, चार वर्षांत मला जपानीत एवढं भारी वाक्य कधी बोलायला मिळालेलं नव्हतं!

मग रविवारी ते घरी जेवायला आले. आणि आपण काय केलं? आपला खाडीकाठच्या खारट जमिनीतला जाडा लाल भात टोपात झाकून चुलीमागे ढकलला आणि ठाण्याच्या मार्केटातून बासमती आणला. आई म्हणाली, "परदेशातला मानूस, त्याला काय खारीचा भात देनार?" तूही मान डोलावलीस. मी तर काकाला दोनदा बजावलेलं, की लांब दाण्याचाच आण.

हायाशींनी चमच्याने दाणे इकडचे तिकडे केले. मग हसले आणि म्हणाले, "गेल्या वर्षी आमच्या दुकानातही असाच लांब तांदूळ होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे एक उन्हाळा थंड गेला, भातात दाणाच भरला नाही. बाहेरचा एक दाणा येऊ देणार नाही म्हणणाऱ्या सरकारला बाहेरचा तांदूळ आणावा लागला. लोकांनी नाकं मुरडली. हायाशींच्या बहिणीने तर तो कोंबड्यांना घातला.

तू मला म्हणालास, "त्याला सांग, त्यो पन कोन्या शेतकऱ्यानंच पिकवलेला ना?"

मी सांगितलं. त्यांनी चमचा ताटात ठेवला. म्हणाले, "हो. म्हणूनच मला लाज वाटली."

आणि तू उठलास! चुलीमागचा टोप उचललास आणि आपला भात त्यांच्या ताटात वाढलास, कोलंबीचं कालवण वरून. आई पदर तोंडाला लावून बघत राहिली. तो भात त्यांच्या घरच्यासारखा गोळ्यागोळ्याने उचलला जातो म्हणून ते एवढे खूश झाले की तिसऱ्यांदा मागून घेतला.

जेवण झाल्यावर तुम्ही दोघं बांधावर जाऊन बसलात, मध्ये मी. दोन शेतकरी, दोघंही कंपनीवाले. तू सेकंड शिफ्ट करून सकाळी शेतात, ते पाच दिवस कारखान्यात आणि रविवारी शेतात. ते म्हणाले, त्यांच्या गावात सगळे असेच आहेत, रविवारचे शेतकरी. तुकडे लहान, माणसं म्हातारी. त्यांच्याकडे पिकतो तो तांदूळ महाग, बाहेरचा स्वस्त. बाहेरचे देश म्हणतात, दार उघडा. आता करार झालाय, दर वर्षी थोडा थोडा घ्यावाच लागणार. आणि त्यांचं स्वतःचंच सरकार सांगतं, भात जास्त होतोय, थोडी जमीन रिकामी ठेवा, आम्ही पैसे देतो.

"न पेरायचे पैशे?" तू तीन वेळा विचारलंस.

"हो."

तू समोर नव्या बिल्डिंगच्या बांबूंकडे बोट दाखवलंस. "त्याला सांग, आपल्याकडं पन देतात. सरकार नाय देत. बिल्डर देतात."

हायाशी एवढे हसले की त्यांचा चष्मा चिखलात पडला. मला वाटलेलं, माझ्या गोष्टींमध्ये असा एक जरी संवाद आला तर मी लेखक होईन. तू माझी छापून आलेली गोष्ट ऐकून विचारलेलंस ना, "येच्यात टिंब कंदी येतं गो? दम घेवाचा कुटं?" खरं सांगू, अजून मला ते कळलेलं नाही.

पण आता दम घेते. कारण पुढचं सांगायचंय.

हसणं थांबल्यावर तू म्हणालास, "बाय, इचार त्याला. तुज्या मागं शेत कोन करील?"

प्रश्न त्यांना होता, पण बघत तू माझ्याकडे होतास.

बाबा, मी तो प्रश्न विचारलाच नाही. मी जपानीत त्यांना विचारलं, तुमच्या गावात मासे कुठले मिळतात? ते खुशीत येऊन नदीतल्या माशांबद्दल सांगायला लागले, हाताने लांबी दाखवून. तू मला कोपराने ढोसलंस, "काय बोलतं त्यो?" आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. मी म्हटलं, "म्हणतायत, मुलगा करणार आहे."

तू खाडीकडे बघितलंस. "बरं हाय त्याचं," एवढंच म्हणालास.

असं का केलं मी? घाबरले. वाटलं, त्यांनी खरं उत्तर दिलं तर तू लगेच पुढचा प्रश्न मला विचारशील. मला तर डोंबिवलीत खोली घ्यायची होती, लिहायचं होतं, चिखलात पाय घालायचा नव्हता. उत्तर टाळायला मी तुला खोटं उत्तर दिलं, आणि त्याच उत्तराने जगात फक्त आपल्याच घरात मागे कोणी नाही असं तुला वाटायला लावलं. त्यांचा मुलगा तेव्हाच शहरात नोकरीला होता. मला गाडीत सांगितलेलं त्यांनी. मला माहीत होतं!

पुढच्या पावसाळ्यात तू अर्धंच शेत लावलंस. काका म्हणाला कंबर दुखते, आई म्हणाली वय झालं. मी काहीच म्हटलं नाही. त्या रिकाम्या अर्ध्यात गवत वाढलं, बगळे उतरले, आणि न पेरल्याबद्दल तुला कोणी काही दिलं नाही. कापणी झाली, बियाणं तू कणगीत भरलंस, आणि फेब्रुवारीत तू गेलास.

पण एक विचारू? तू मला सरळ का नाही विचारलंस? पंचवीस वर्षं एका ताटात मासळी खाल्ली आपण, आणि विचारायला तुला जपानहून माणूस लागला?

हायाशींच्या पत्रात काय आहे, ते सांगते. त्यांची आई गेली, थंडीत. ते लिहितात, "लोक मला रविवारचा शेतकरी म्हणायचे. पण बाकीचे सहा दिवस शेत आई करत होती. हे मला आता या वसंतात कळलं, रोपं लावायची वेळ आली आणि शेतात कोणी नव्हतं. मुलगा येणार नाही. या वर्षी सगळी जमीन रिकामी आहे. तुमच्या वडिलांचं भात कसं आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा."

तू गेलास हे मी त्यांना कळवलंच नव्हतं. तेही टाळलेलं.

हे पत्र मी आईला मराठीत वाचून दाखवलं. या वेळी एक शब्द बदलला नाही. मग बांधावरचं खोटंही सांगितलं. वाटलं, ती रडेल. ती सुपात तांदूळ पाखडत होती, थांबली. म्हणाली, "म्हंजे तो जपानी म्हातारा, तुजा बापूस आनि तू, तिघं जनं बांधावर बसून इचार करताव, शेत कोन करील?"

"हो."

"आनि मी कुटं व्हती तवा?"

"भांडी घासत."

"तीस वर्सं लावनी कोन करतंय गो? तुजा बापूस शिफ्टला जायचा तवा पानी कोन बगायचं? मना कोनी इचारलं?"

बाबा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर पन्नास पावलांवर राख लावून टोप घासत होतं! तुलाही दिसलं नाही, मलाही नाही. हायाशींना दिसलं तेव्हा उशीर झालेला.

मग आई उठली, कणगीत हात घातला आणि मूठभर भात माझ्या ओंजळीत ओतलं. म्हणाली, खारीचं बी दोन पावसाळे थांबत नाही. या वर्षी नाही पेरलं तर पुढच्या वर्षी उगवणारच नाही, आणि हे बी बाळकुमात आता दुसऱ्या कोणाकडे नाही. "सही करावाची का नाय, ते कापनी झाल्याव बगू. काकाला मी सांगते."

कापणीनंतर काय होईल, मला माहीत नाही. काकाच्या तुकड्याभोवती बिल्डरच्या कुंपणाचे पत्रे लागलेत, दोन्ही बाजूंनी भराव येतोय, खाडीचं पाणी कुठून शिरेल सांगता येत नाही. शेत आपल्याकडे राहीलच असं मी तुला सांगणार नाही. खोटं एकदा सांगून झालंय.

पण एवढं कबूल करते. उद्या सकाळी आईबरोबर राब भाजायला जाते, रोपांची जागा तयार करायला. गेल्या वर्षी तू रिकामं सोडलंस, त्या अर्ध्यापासून सुरुवात. आई म्हणते मी पहिल्याच दिवशी पाठ धरून बसेन. बसेन. आणि आज हायाशींना लिहिते, की तू गेलास, आणि दीड वर्ष तुझा एक प्रश्न माझ्याकडे अडकून पडलाय. तो तुझ्याच शब्दांत विचारते. त्यांचं जे काय उत्तर येईल, ते तसंच्या तसं, त्याच बांधावर उभं राहून तुला वाचून दाखवीन. तोवर भात गुडघ्याएवढं झालेलं असेल.

आणि तू तेव्हा माझ्याकडे बघत होतास ना, त्याचं उत्तर: या वर्षी आम्ही दोघी.

तुझी,
बाय