मावशीच्या हाताची ओळ

माय, तू कशी आहेस? गुडघ्याला आराम आहे का? दादांचा दमा काय म्हणतो? थोरल्या मामीला आता नीट दिसतं का? आणि जळकोटची मावशी तुझ्याशी बोलते, की तिथंही तोंड फिरवूनच बसलीय? तुम्हा सगळ्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पत्र सुरू करायचं ते असंच, हे वळण तूच लावलेलं.

मी बरा आहे. परवा नांदेडला विद्यापीठात लेखकांचं वाचन होतं, तिथं मलाही बोलावलं होतं. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी, विष्णुपुरीला बसमधून उतरून विद्यापीठाच्या फाटकात शिरलो. आधी शाल, नारळ, मग लांबलचक परिचय. वाचायला उरली पंधरा मिनिटं. मी माझ्या पुस्तकातला तुझ्यावरचाच लेख काढला. कंधारच्या घरी तू भाकरी थापत सांगतेस आणि मी पाटावर पोस्टकार्ड ठेवून मावशीला लिहितोय. तिची सासू, दीर, जावा, पोरं, गाभण म्हैस, एकेकाची खुशाली. "एकाला बी सोडू नको रं, सोडलेल्याला लागतं." सभागृह हसलं, मायेनं हसलं. मग पुढचं वाचलं: मावशीचा हात मोडला होता आणि आई नेमकं तेच विचारायला विसरली, म्हणून मावशी दोन वर्षं रुसली.

वाचन संपल्यावर चर्चा होती. मागून एक पोरगी उठली, बोलण्यावरून आपल्या जळकोटकडचीच. "काका, म्हशीची बी खुशाली विचारणारी बाई सख्ख्या बहिणीचा हात कशी काय विसरली?" शेजारचे प्राध्यापक हसून म्हणाले, "घ्या, आता द्या उत्तर." मी पाणी प्यालो. म्हणालो, "होतं असं, बाई. कामच लई होतं तिच्यामागं." टाळ्या झाल्या. त्या पोरीनं मात्र टाळी वाजवली नाही.

तू विसरली नव्हतीस, माय. सगळ्यांचं झाल्यावर तू पिठाचा हात थांबवलास आणि म्हणालीस, "आता तिच्या हाताचं लिही, सावकाश लिही." बाहेर विटीदांडूला पोरं हाका मारत होती. मी 'बाकी सर्व ठीक' लिहून मोकळा झालो. नेहमीसारखं तू वाचून दाखवायला सांगितलंस, तेव्हा न लिहिलेली ओळही मी वाचून दाखवली, तुझ्याच शब्दांत, तुझ्याच सुरात. तू खूश झालीस. पुढं मावशीचा टोमणा आला, "म्हशीची चौकशी केली, माझ्या हाताची न्हाई." तू चुलीपुढं बसून म्हणालीस, "मीच सांगायचं विसरले असंन." मी गप्प बसलो. पुस्तकातही तसंच लिहिलं, आणि परवा शंभरेक माणसांपुढं तसंच वाचलं.

त्या पोरीचा पत्ता मागून आणलाय. तिला खरं काय ते लिहीन. पण आधी तुला लिहावं वाटलं. हे कागद कुठल्या पेटीत टाकायचे नाहीत, ठाऊक आहे. मावशीला तेवढं सांग. आणि उत्तर लवकर धाड. कुणाकडूनही लिहून घे, फक्त वाचून दाखवायला दुसऱ्याला सांग.