बिजागरीचा तुकडा

चंदीगड, गुरुवार संध्याकाळ

आज साफ करताना दगड झालेला एक शिंपला उघडला आणि दोन्ही झडपा जोडणारी आतली बिजागरी दिसली. तिचे दात जाड, खाचदार; कूळ ठरतं ते या दातांवरूनच. म्हणजे ही नामशेष प्रजाती मी भलत्याच कुळात घातली, नुसते बाहेरचे कंगोरे बघून!

माझी विद्यार्थिनी हरप्रीत पंचकुल्यापलीकडच्या टेकड्यांतून याच प्रजातीच्या शिंपल्याचा फुटका तुकडा घेऊन आली होती. त्यात हेच दात होते. ‘फुटक्यावरून वर्गीकरण होत नाही,’ असं तिला सुनावलं आणि ती गेल्यावर तो फेकून दिला. का फेकला मी? वर्षभरात तिने संशोधनच सोडलं.

आत्ता फोन करून चूक कबूल केली. रागावलीसुद्धा नाही. म्हणाली, “मॅडमजी, मेरा टुकड़ा संभाल के रखा है ना?”

मी हो म्हटलं.