दुपारच्या तीन तासांसाठी सरकारी सक्ती मिळणेबाबत

प्रति,
मा. दुकान निरीक्षक,
वॉर्ड कचेरी, राजकोट.

विषय : आमचे दुकान दुपारी एक ते चार सक्तीने बंद करणेबाबत, ते जमत नसल्यास सुनावणी लावणेबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज, जो 'दोन्ही भागीदारांच्या सह्या नाहीत' या शेऱ्यासह परत आला.

महोदय,

१. मी व माझे मित्र श्री. मनहर पोपटलाल भीमाणी भागीदारीत गाठिया व त्याबरोबर द्यायच्या कच्च्या पपईच्या किसाचे दुकान चालवतो. शाळेपासून आम्ही रोज संध्याकाळी तलावाच्या काठावर बसत असू. काय बोलत होतो ते आता आठवत नाही, पण बोलणे कधी संपत नसे. दोघेही नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा मनहरभाई म्हणाले, "वजु, नाहीतरी बरोबरच बसतो. दुकान टाकू, डोक्यावर छप्पर तरी येईल." मला ते पटले.

२. आपल्या शहरात दुपारी एक ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसते, हे आपण जाणताच. आपणही जेवून घटकाभर आडवे होत असाल, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मनहरभाईंनी डोके लढवले. "अरे, सगळे झोपल्यावर भुकेलेले जाणार कुठे? आपल्याकडेच ना!" त्यांनी पाटीवर 'दुपारीही चालू' असे लाल अक्षरांत रंगवून घेतले. तिथेच घात झाला.

३. दुपारी एकाने थांबायचे तर दुसऱ्याने घरी जाऊन झोपायचे, असे सुरू झाले. मग सकाळ-संध्याकाळच्याही पाळ्या पडल्या. आता आमची भेट पायरीवर होते. एक चपला घालत असतो, दुसरा काढत असतो. "बेसन आलं?" "आलं." "पपई किसलीस?" "किसली." एवढाच संवाद उरला आहे.

मध्यंतरी दोन दिवस त्यांचा जावई गल्ल्यावर होता. तिसऱ्या दिवशी मनहरभाई काळा चष्मा लावून आले. मला वाटले, उन्हासाठी असेल. मोतीबिंदू काढल्याचे मला एका गिऱ्हाइकाने सांगितले. महोदय, शाळेत या माणसाचा दात पडला तेव्हा तो त्याने माझ्याकडे सांभाळायला दिला होता. मला फार वाईट वाटले.

४. दुपारी गिऱ्हाईक येत नाही. एक गाय येते, ती पपईची साले खाऊन जाते. माझी पत्नी म्हणते, "अहो, मग बंद करा ना! तोंड दिलंय ना देवानं?" परंतु पाटी त्यांच्या डोक्यातून निघालेली. मी बोललो तर त्यांचे नाक कापले जाईल. एकदा भर दुपारी मी सहज डोकावलो, तर ते हातात झारा धरून बसल्या बसल्या झोपले होते. मला पाहताच दचकून म्हणाले, "काय गर्दी होती वजु! आत्ताच पांगली." मीही म्हणालो, "हो, मला वाटेत भेटली ना." यापुढे मी काय करावे?

५. सरकारचा हुकूम आला तर कुणाचेच नाक जाणार नाही, म्हणून मागील अर्ज केला होता. तो सहीसाठी परत आला. मनहरभाईंची सही घ्यायची तर त्यांच्याजवळ बसून सर्व समजावून सांगावे लागेल. तसे बसणे होत असते तर आपणांस त्रास दिलाच नसता.

६. सबब विनंती की, आम्हां दोघांना एकाच दिवशी, दुपारी एक वाजता सुनावणीस बोलवावे. दोघांना बोलावणे आल्यावर दुकान बंद ठेवणे भागच पडेल. कारण काहीही लिहावे, माझे नाव मात्र कळू देऊ नये. आपल्या दालनाबाहेरचा बाक मी पाहून आलो आहे, तो दोघांना पुरतो. आमचा नंबर सर्वांत शेवटी लावावा. आणि शक्य असल्यास त्या दिवशी निकाल न देता पुढची तारीख द्यावी.

आपला नम्र व दमलेला,
वृजलाल केशवजी सेजपाल
दि. ११ फेब्रुवारी

सोबत :
१. परत आलेला अर्ज.
२. पाटीचा फोटो, दुकान उघडले त्या दिवशीचा. पाटीखाली आम्ही दोघे उभे आहोत. काम झाल्यावर कृपया परत करावा. त्यानंतर आम्ही एका फोटोत आलेलो नाही.