पाय न टेकवता

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा उभ्याउभ्या केलेला नमस्कार. (वाकून करायचा होता, पण वाकणं आणि बसणं ही दोन्ही कामं मी सध्या स्थगित ठेवली आहेत. हे पत्रसुद्धा दुकानात कापड बेतायच्या टेबलाशी उभी राहून लिहिते आहे. शिलाई मशीनसमोरचं स्टूल माझ्याकडे बघतं आणि मी त्याच्याकडे बघत नाही.) तुझी दाढ काढली का अजून मुक्कामालाच आहे? भावोजींचा खोकला कसा आहे? यांनी त्यांच्या दुकानातून पाठवलेलं औषध ते घेतात की आल्यागेल्याला बाटली दाखवून नुसतं कौतुक करतात, ते कळव. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. खुशाल म्हणजे काय, मी तर इतकी खुशाल आहे की काल एका गिऱ्हाइणीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डावीकडच्याच लावल्या आणि तरी मला वाईट वाटलं नाही. ताई, मी जिंकले.

आता पहिल्यापासून सांगते. तुला माहीत आहे की वन्सं शाळेतून निवृत्त झाल्यापासून सायकलच्या सहली काढतात. खेळाच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे शिट्टी अजून गळ्यातच असते, आणि घरी कुकरची झाली की त्यांना ती आपलीच वाटते. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ, आणि बहिणीपुढे यांचं काही चालत नाही हे मला लग्नाच्या दिवशीच कळलं होतं. तर हे दोघं डोंगरातल्या, जंगलातल्या वाटांनी सायकली हाणणार आणि मी मागून गाडी घेऊन जाणार, मागच्या सीटवर डबे आणि शेजारच्या सीटवर सगळ्यांचे स्वेटर, अशीच आजवर प्रत्येक सहल झाली. डबे मी करायचे, गाडी मी चालवायची, आणि घरी आल्यावर ‘काय दृश्य होतं गं, तू असायला हवी होतीस’ हे मीच ऐकायचं. मागच्या वेळी एका वळणावर गाडीत बसून मी त्यांची वाट बघत होते आणि मला रडू आलं. का ते मलाही नीट सांगता येणार नाही, पण आलं. तेव्हाच ठरवलं की पन्नाशी उलटली तर उलटली, सायकल शिकायची. दुकानामागच्या बोळात हे सीट धरून मागून पळायचे आणि मी हँडल धरून पुढे ओरडायची. महिनाभरात ओरडणं थांबलं.

यंदा वन्संनी वाळवंटातली दोन दिवसांची सहल काढली. शाळांचे गणवेश नुकतेच देऊन झाले होते, मशीन मोकळं होतं, आणि जेवताना मी जाहीर केलं की मी येणार, सायकलवर येणार, आणि एका दिवसाची वाट मी निवडणार. हे आमटीत बघायला लागले. वन्संनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “निवड की. पण जी निवडशील ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाय न टेकवता पुरी करून दाखवायची. जमलं नाही तर पुढच्या सहलीपासून गाडी तुझी, आणि मग कुरकुर ऐकून घेणार नाही.” मी बरं म्हटलं. बरं म्हणताना माणसाला काही लागत नाही, लागतं ते नंतर.

वाट निवडणं हे स्थळ बघण्यापेक्षा अवघड काम आहे, ताई. सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानाने नकाशा पाठवला होता. त्यात म्हणे सोप्या वाटा हिरव्या, मधल्या निळ्या आणि अवघड काळ्या रंगात दाखवल्या होत्या. म्हणे अशासाठी, की यांनी तो आपल्या औषधाच्या दुकानातल्या प्रिंटरवर छापला आणि रंगाची शाई महाग म्हणून काळाच छापला. (बिलं छापायला रंग कशाला लागतो, असं यांचं म्हणणं. ते बरोबरच आहे, पण हे बिल नव्हतं.) त्यामुळे आमच्या नकाशात सगळ्याच वाटा अवघड झाल्या. तीन कागद यांनी जखमेच्या चिकटपट्टीने जोडले आणि ते माझ्या टेबलावर अंथरून आम्ही बसलो. यांच्या अटी दोनच होत्या, सावली पाहिजे आणि शौचालय पाहिजे. वाळवंटात सावली मिळाली असती तर त्याला वाळवंट कोण म्हणालं असतं? मग यांनी आधी जाऊन आलेल्या लोकांचे अभिप्राय फोनवर मोठ्याने वाचायला घेतले. त्यांत प्रत्येकाला प्रत्येक वाट अप्रतिम वाटलेली. फक्त एक कुरकुऱ्या गृहस्थ होता, त्याने हरेक वाटेला नावं ठेवली होती, कुठे काटे फार, कुठे वारा फार, कुठे माणसं फार. मला तो एकटाच भरवशाचा वाटला, पण त्याचंच ऐकायचं म्हटलं तर घरी बसावं लागलं असतं.

वन्संनी पहिल्या दिवसासाठी कोरड्या ओढ्याची वाट घेतली, कारण ओढा म्हणजे सपाट आणि सपाट म्हणजे सोपं. मी मात्र नकाशावर टाचण्या लावून शांतपणे बघत होते. सगळीकडे बारीक बारीक रेषा होत्या, उंचीच्या की कसल्या. काही ठिकाणी त्या लांब लांब, तर एका ठिकाणी अगदी दाटीवाटीने. आता तीस वर्षं मी कापड बघते आहे, ताई. दाट रेषा म्हणजे चुण्या. चुण्या म्हणजे तिथे कापड भरपूर, घेर मोकळा, अंगाला कुठे ताण नाही. आणि रेषा विरळ असतील तिथे कापड ताणलेलं, तिथेच ते पहिल्यांदा फाटणार. त्यामुळे बरोबर चुण्यांच्या मधून वर जाणारी एक वाट मी बोटाने दाखवली आणि म्हटलं, ही. वन्संनी चष्मा वर केला, नकाशा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, नक्की. त्या यांच्याकडे वळून म्हणाल्या, “तुझ्या बायकोत दम आहे रे.” मला वाटलं माझ्या नजरेचं कौतुक चाललं आहे.

पहिला दिवस थोडक्यात सांगते, कारण तो वन्संचा होता. ओढा सपाट होता हे खरं. पण त्यात वाळू होती, आणि वाळूत सायकलचं चाक असं रुततं की जणू कुणी खालून धरून ठेवलंय. हे पहिल्या वळणावर आडवे झाले. वन्सं दुसऱ्या वळणावर झाल्या, पण त्यांनी त्याला थांबणं म्हटलं. मी किती वेळा पडले ते मोजलं नाही, वाळू मऊ होती आणि मला मजा येत होती. दुपारपर्यंत आम्ही तिघं सायकली हाताने ढकलत, बुटांत वाळू घेऊन, परत दुकानाशी आलो. यांच्या एका चाकात निवडुंगाचे काटे इतके घुसले होते की भाड्याने देणाऱ्याने ते चाक भिंतीवर टांगून ठेवायची इच्छा दाखवली. वन्संनी दिवसभर शिट्टीला हात लावला नव्हता. संध्याकाळी त्यांनी एवढंच म्हटलं की उद्याची वाट निवडणाऱ्याने झोप नीट घ्यावी.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत निघालो. पाठीवर पाणी, डोक्यावर हेल्मेट, आणि माझ्या खिशात उगाच आपली एक सुईदोऱ्याची डबी. माझ्या वाटेच्या तोंडाशी एक फलक होता, पण तो आमच्याकडे पाठ करून उभा होता, आणि कुणाच्या पुढे जाऊन तोंड बघण्याची आम्हाला सवय नाही. वाट सुरू झाली आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की नकाशावरच्या चुण्या आणि डोंगरावरच्या चुण्या यांचा अर्थ अगदी उलट असतो. दाट रेषा म्हणजे चढ. फार दाट म्हणजे भिंत. मोकळा घेर कुठेच नव्हता, होता तो एक तांबडा खडक, त्याच्यावर नागमोडी वाट, आणि वर आभाळ. हे मी तुलाच सांगते आहे. त्या दोघांच्या समजुतीने मी ती मुद्दाम निवडली होती, आणि त्यांची समजूत मोडण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता.

गिअर मी आदल्या दिवशीच सगळ्यांत हलका करून घेतला होता. त्यात पाय शिलाई मशीनच्या पायडलसारखे भराभर फिरतात आणि सायकल मुंगीच्या चालीने जाते. वन्सं मोठ्या गिअरवर होत्या, त्यांच्या मते हलका गिअर हा चारित्र्याचा प्रश्न आहे. पहिल्या वळणावर हे उतरले आणि एका दगडाला सावली आहे का ते बघायला लागले. मी पुढे गेले. पुढे एका वळणावर मागून वन्संचा आवाज आला, “थांब जरा, पाणी पिऊ.” मी थांबले नाही. अजून वर गेल्यावर आवाज आला, “अगं, थांब म्हणते ना.” तरी थांबले नाही. मान वळवून बघितलं तर वन्सं सायकल हाताने ढकलत होत्या. खेळाच्या शिक्षिका, गळ्यात शिट्टी, आणि सायकल हाताने. ताई, तोंड कोरडं पडलं होतं, मांड्या पेटल्या होत्या, डोळ्यांत घाम जात होता, आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने हसले. मग हसायलाही दम लागतो हे कळल्यावर बंद केलं.

शेवटचं वळण संपलं आणि एकदम वर आले. पठार, वारा, आणि खाली कुठवर तरी पसरलेलं पिवळं, तांबडं वाळवंट. त्यात आमची गाडी खड्याएवढी दिसत होती, रिकामी. त्या गाडीत कुणीही बसलेलं नव्हतं. तिथे टोकावर दुसरा एक फलक होता, त्याच्या खांबाला मिठी मारून मी, सायकलवर बसल्या बसल्या, रडले. वन्सं आणि हे वर पोचले तेव्हाही मी सायकलवरच होते, एक हात खांबाला आणि पाठ फलकाला. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्याने एक जीप आली, तिच्यातून गुडघ्याकोपरांना गाद्या बांधलेली चार तरुण माणसं सायकली घेऊन उतरली, आमच्याकडे बघत राहिली आणि त्यांतल्या एकीने विचारलं, “तुम्ही इथून खालून वर आलात?” वन्संनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “ही आली. पाय न टेकवता. माझी भावजय.” त्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग वन्संनी माझा फोटो काढला, आणि पुढे होऊन स्वतःच्या हातांनी माझी सायकल धरून म्हणाल्या, “उतर आता. आजचा मान तुझा.” इतक्या वर्षांत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या. खाली येताना आम्ही तिघंही जीपच्या रस्त्याने आलो आणि वन्संनी सबंध रस्ता मला पुढे राहू दिलं.

फोटो आता त्यांच्या फोनच्या तोंडावर आहे. गाडीचा विषय कायमचा संपला. तुझ्याशिवाय हे सगळं सविस्तर कुणाला सांगणार, म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि दाढेला लवकर निरोप.

तुझी,
(अजून उभीच) धाकटी

ता. क. – तो फोटो तुला पाठवला तर नीट बघ, मी सायकलवरूनच फलकावर अगदी पसरले आहे. कारण वर पोचल्यावर मी तो वाचला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘वाट इथून सुरू. फक्त खाली उतरण्यासाठी. खालून वर येऊ नये.’ वन्संना हे कधीही सांगायचं नाही.

ता. क. २ – आणि आता मुख्य काम. वन्संनी त्या हलक्या गिअरच्या सायकलची सीट स्वतः मोजून इतकी वर केली होती की माझे पाय जमिनीला लागतच नव्हते. ‘पाय लांब व्हायला हवा’ हा त्यांचा शास्त्रशुद्ध नियम. बोळात हे सीट धरायचे, त्यामुळे मी चढायला शिकले, चालवायला शिकले, आणि उतरायचं राहूनच गेलं. वाळूत प्रश्न आला नाही, वाळू आपली आपण उतरवते. पण त्या खडकावर मी थांबले नाही कारण मला थांबता येत नव्हतं. वर धरायला खांब मिळाला, खाली आल्यावर आपली गाडी मिळाली. वन्संच्या हाका ऐकून मलाही पाणी प्यायचं होतं, ताई. फार प्यायचं होतं. आता वन्संनी आपल्या सगळ्या निवृत्त मैत्रिणींना तो फोटो दाखवला आहे आणि पुढच्या महिन्यातल्या सहलीत सगळ्यांच्या पुढे मी असणार, असं शिट्टी वाजवून ठरवलं आहे. तू इतकी वर्षं दवाखान्यात नोकरीला सायकलवरून जात होतीस, म्हणजे रोज कुठेतरी उतरतही असशील. तर आठ दिवस ये. कुणी विचारलं तर पडदे शिवून घ्यायला आले म्हण. वाट या वेळी वन्संनीच निवडली आहे, पठारावरून, लांबच लांब. मी सायकलींच्या दुकानात फोन करून चौकशी केली. तिच्यावर मधे एकही खांब नाही.