आण्णा, आजचा भाग सांगू?

कोल्हापूर
१२ नोव्हेंबर

चि. स्वप्नालीस आण्णांचा आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. गोळ्या वेळेवर घेतो. पाऊस उघडल्यापासून दुकानात रिवायंडिंगला पंपांच्या जळक्या मोटारी यायला लागल्यात, केरबाला आणि मला मान वर करायला सवड नाही. त्याचा गुडघा तसाच आहे. तू मागच्या दारी लावलेला कढीपत्ता पत्र्याला टेकला.

स्नेहलनं तुझा पुण्यातला पत्ता दिला, नंबर दिला नाही. "काका, रागवू नका, तिनं सांगितल्याशिवाय देणार नाही," म्हणाली. रागावलो नाही. अशी एक तरी मैत्रीण तुला आहे, हे बरं वाटलं. शाळा सोडल्यापासून कोटेशनशिवाय दुसरं काही लिहिलेलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

एक बातमी आहे. मी आपली मालिका बघितली. पहिल्या भागापासून सगळी, मोबाईलवर, दुपारी दुकानात बसून.

ऋताचं काम करणारी पोरगी चांगली आहे. रडताना तिचा आवाज खाली जातो, वर जात नाही. खरं रडणारं माणूस तसंच रडतं. तिचा नवरा झालेला तो विश्वजित मात्र नुसता जबडा आवळतो. राग आलाय हे आपण समजून घ्यायचं. सासू कोल्हापूरची दाखवलीय, म्हणून दर वाक्याला 'नाद खुळा' म्हणते. अगं, चहात साखर कमी पडली म्हणून कुठली सासू सुनेला 'नाद खुळा' म्हणते? ऋतासुद्धा 'मी आले, मी गेले' करते. आपल्याकडची असती तर बाप्यासारखं 'मी आलो' म्हणाली असती. तू सांगायचीस तेव्हा ती कशी आपल्यातली वाटायची.

तू सांगायचीस, त्याबद्दलच लिहायला बसलोय. दोन कागद फाडून झालेत.

तुझी आई गेल्यावर मी घरातला टीव्ही लावला नाही. तू लग्न होऊन कागलला गेलीस आणि रोज आठला, मी वार्निशचे हात धूत असताना, तुझा फोन यायचा. "आण्णा, आजचा भाग सांगू?" मी दुकानाच्या पायरीवर बसायचो. अर्धा तास. दिवसभरात तेवढंच काय ते गोड.

तू सांगितलेलं सगळं मला पाठ आहे. ऋताचा मोबाईल सासूच्या कपाटात असतो, संध्याकाळी अर्धा तास मिळतो. नवऱ्यानं तिच्या हातावर चहा ओतला, तिनं पाहुण्यांना वाफ लागली म्हणून सांगितलं. एकदा तू म्हणालीस, "ह्यांनी ताट भिरकावलं." मी म्हणालो, "ह्यांनी? तुझा नवरा का गं तो?" आणि मोठ्यानं हसलो. पलीकडून तू हसली नाहीस. ते मला ऐकू आलं. मला वाटलं, रेंज गेली.

मार्चमध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली. पंधरा दिवसांनी ऋताच्या बापाचीही झाली. मी केरबाला म्हणालो, "लेखक कोल्हापूरचाच हाय लेका. माझ्यावर पाळत ठेवून लिहितोय." त्यावर आम्ही दोघं चहा सांडेपर्यंत हसलो.

नंतर एकदा मीच चिडलो. "त्या बापाला कळंना कसं झालंय? बहिरा हाय काय?"

"न्हाय आण्णा," तू म्हणालीस. "बाकीचं सगळं ऐकू येतंय त्याला."

आणि ऑगस्टमधला तो भाग. ऋता पिशवी भरून स्टँडवर गेली. दोन तास बाकड्यावर बसली. तीन गाड्या सोडल्या आणि घरी परत आली.

"आण्णा, जावं काय तिनं माहेरी?"

माझं उत्तर तुला आठवत असेल, तरी लिहितो. मला ते स्वतःच्या हातानं लिहायला पाहिजे. मी म्हणालो, "नगं गं. बापाचं आत्ताच हार्टचं झालंय. आन् पोरगी माहेरी येऊन बसली की मालिका संपली. जरा दमानं घ्यावं तिनं. संसार हाय."

"व्हय," तू म्हणालीस. "घेईल मग दमानं."

दुसऱ्या दिवशी आठला फोन आला नाही.

चौथ्या दिवशी जावई राजवर्धनरावांचा आला. "तुमच्याकडं आलीया काय?" एवढंच. काळजीचा एक शब्द नाही. हरवलेल्या गाडीची चौकशी करावी तसा आवाज. तेव्हा पहिल्यांदा कान टवकारले.

मालिका मी त्या स्टँडसाठी बघायला घेतली. वाटलं, पुढं ऋता कुठं जाते ते कळलं की तू कुठं गेलीस ते कळेल. सहाशे भाग बघितले. स्टँड कुठंच नाही. हातावर ओतलेला चहा नाही. कपाटातला मोबाईल नाही. ऑगस्टमध्ये तर ती सगळी मंडळी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आइस्क्रीम खातायत.

आणि स्वप्नाली, ऋताला बापच नाही. पहिल्याच भागात त्याच्या फोटोला हार आहे. मला वाटलं, मालिका आहे, मेलेला माणूस परत येतो. शेवटच्या भागापर्यंत मी त्याची वाट बघितली.

मोबाईल उपडा ठेवला. केरबानं विचारलं, "मालक, काय झालं?" मी म्हणालो, "वायंडिंग जळलंय." तो बिचारा टेबलावरची मोटार तपासायला लागला.

चाळीस वर्षं मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून सांगतो, कुठलं बेअरिंग जाणार ते. राधानगरीवरनं लोक ह्या कानासाठी येतात. तू दोन वर्षं रोज अर्धा तास त्याच कानात सांगत होतीस. माझ्या छातीला धक्का बसू नये म्हणून दुसरीच्या नावावर. आणि मी शहाण्यासारखा कुणी काय करावं ते सांगत बसलो.

राजवर्धनराव परवा दुकानात आले होते. "पाठवा, आम्ही मोठ्या मनानं घेऊ," म्हणाले. खुर्ची दिली नाही. म्हटलं, "हात दाखवा तुमचा. चहा ओतायचा कुठला? डावा का उजवा?" उभ्या उभ्याच गेले. तुझा पत्ता त्यांना मिळणार नाही, माझ्याकडून तर नाहीच.

तुला 'ये' म्हणत नाही. तसं म्हणायची वेळ होती तेव्हा मी हसत होतो. तुझ्या खोलीत मी तांब्याच्या तारेची बंडलं ठेवली होती, ती काढली. खोली झाडून घेतली. दाराला आता कुलूप नसतं, एवढं कळवतो. मालिका संपली तर संपू दे.

आठला मी पायरीवर असतो. फोन केलास तर मध्ये बोलणार नाही, हसणार नाही, कुणी काय करावं ते सांगणार नाही. फक्त ऋताचं नाव घेऊ नकोस. 'मी' म्हणून सांग. नाही केलास तरी साडेआठपर्यंत बसतो. दुकानातली सगळी मशिनं बंद करून बसतो.

हाताला अजून डाग आहे काय गं?

खाली 'तुझा आण्णा' लिहायला पेन टेकवलं होतं. ते तू परत आण्णा म्हणशील तेव्हा लिहीन. तोवर ज्याला तू दोन वर्षं ओळखत होतीस, त्याचीच सही करतो.

ऋताचा बाप